गुलाबी फीत आणि आईची छत्री

मी एक जुनी गुलाबी फीत आहे, मित्रांनो. लंडनच्या पार्लमेंटात, खासदारांचे कोट टांगायच्या खोलीत, एका खुंटीला मी बांधलेली आहे. सभागृहात तलवार न्यायची नाही, ती बाहेर फितीत अडकवायची, असा नियम आहे. तलवार आता कोणी आणत नाही. नियम मात्र रोज कामावर हजर असतो.

माझ्या वाट्याला हेडली अँकरॉइड आले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यात एक काळी छत्री अडकवली. खोली सांभाळणाऱ्या विनीबाई म्हणाल्या, "साहेब, तलवार जरा म्हातारी दिसतेय."

"आईची आहे. म्हणाली, चौदा नंबरची बस माझ्या दारात थांबते, मला कशाला छत्री? तूच ने. फक्त माझी बस तेवढी सांभाळ."

ती बस वाचवण्याच्या वचनावरच ते निवडून आले होते. त्यांच्या गावातून इस्पितळाला जाणारी तेवढी एकच होती. विरोधात बटाट्याचा वेश केलेले एक गृहस्थ उभे होते. ते हरले, पण थोडक्यात.

अकरा वर्षे साहेब सभागृहात बसवर बोलले. लोकांनी छान झोपा काढल्या. मग त्यांना वाहतूकमंत्री केले. त्या दिवशी विनीबाईंनी मला इस्त्री केली. माझ्या आयुष्यातला तो एकच सुखाचा दिवस.

"आज एकशे चाळीस सह्या केल्या," साहेब एकदा कोट चढवताना म्हणाले.

"वाचून?"

"वाचत बसलो तर मंत्रिपद कधी सांभाळू?"

त्यांतला एक कागद बंद करायच्या बसगाड्यांचा होता. चौदा नंबर नवव्या पानावर होता.

महिन्याने आईचे पत्र आले. साहेबांनी ते माझ्याजवळ उभे राहून विनीबाईंना वाचून दाखवले. "हेडली, बस बंद झाली. डोळे दाखवायला चालत गेले. वाटेत पावसानं गाठलं, अंगात ताप आहे. सही कोणत्या गाढवाची आहे ते बघून कळव."

साहेब धावले. पण मंत्र्याची सही फिरवायला समिती लागते. समिती बसली. आई गेली. समिती अजून बसलेली आहे.

पुढच्या निवडणुकीत बटाटा जिंकला.

साहेब कोट न्यायला आले, तेव्हा बाहेर पाऊस होता.

"साहेब, छत्री राहिली."

"ती माझी नाही, विनीबाई," म्हणाले आणि तसेच भिजत गेले.

खुंटी नव्या खासदारांना मिळाली. ते आता साध्या कोटात येतात. त्यांनी विचारले, "ही छत्री कुणाची?"

"चौदा नंबरची," विनीबाई म्हणाल्या. ती अजून माझ्यातच आहे.

मित्रांनो, वाचल्याशिवाय सही करू नका. आणि कोणी स्वतःची छत्री तुम्हाला दिली, तर ते माणूस कशाच्या भरवशावर घराबाहेर पडते, हे अधूनमधून बघून येत जा.