पाहुण्यांना गुलाबची सांगितलेली बोट

ते १९८४ साल. पाहुणे बैठकीत पोहे खात होते आणि त्यांच्यातल्या वसंतरावांची नजर मागच्या दारातून अंगणात गेली.

"ते काय होय जी?"

ती शिडाची बोट होती, सतरा फुटांची. आमच्या मध्य प्रदेशातल्या सौसरला. माझे यजमान शाळेत चित्रकला शिकवत. रद्दीत सापडलेल्या विलायती मासिकातला आराखडा पाहून चार वर्षं ते ती बांधत होते. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. गावात त्यांना 'जहाजवाले मास्तर' म्हणत. बाजारात बायका मला विचारत, "काहो, मुंबईले कधी निघता?" मी मान खाली घालून कांदे निवडत राही.

त्या दिवशी आमच्या रजनीला पाहायला पांढुर्ण्याचे लोक आले होते. बाप असला वेडा, हे कळलं तर पोरीला कोण करून घेणार? मी बोलून गेले, "आमची नाही जी ते. गुलाब मिस्त्रीची होय. त्याच्या घरी जागा नाही."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो. गुलाबची."

मुलाचे वडील वसंतराव सिंचाई विभागात होते. ते उठून थेट अंगणात गेले, वाकून बोटीच्या बुडाखाली हात फिरवला.

"दोन पाय देल्ले हिले! पाणी उतरलं तरी आडवी नाही पडाची, उभीच राहीन. अन् आत दोघांले झोपाले जागा! गुलाब मोठा कारागीर दिसून राहिला. मास्तर, शिका काही त्याच्यापासून!"

सगळे हसले. हेही हसले. खरं सांगावं असं ओठांवर आलं होतं, पण रजनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

लग्न ठरलं. दुसऱ्या सकाळी यांनी गुलाबला बोलावलं; सुतारकामाला तोच यांच्या हाताशी असे. "घेऊन जा."

"मास्तर, म्या त निस्ता रंधा मारला!"

"आता सोयरे येतील-जातील. तुझी म्हटली, तुझीच राहू दे."

बैलगाडीवर चढवून बोट त्याच्या गावी, रामाकोन्याला, कन्हान नदीवर गेली. मी थांबा म्हटलं नाही.

रजनीचा संसार चांगला झाला. वसंतराव शेवटपर्यंत गुलाबचं कौतुक करत राहिले. बोट पुढं एका पुरात गेली. गुलाब म्हातारा झाला, पण आहे. हे मात्र त्या पुराच्या आधीच, एक्क्याण्णवला गेले. त्या नदीकडे एकदाही फिरकले नाहीत.

तेरवीला गुलाब आला होता. म्हणाला, "बाई, एकडाव बोटीत बसून पाहा. आतली एक जागा मास्तरनं तुमच्या मापाची केलती. दोरीनं माप आणलं होतं."

मी म्हटलं, "गुडघे दुखतात रे."

तेव्हा माझे गुडघे दुखत नव्हते.