वेलीचं बारसं

पाटील सरांनी वाळत घातलेल्या वेलीखालचा दमट कागद काढला, कोरडा सरकवला आणि थोड्याच वेळात तोही बदलायला घेतला.

"सर, आत्ताच बदललात," अनवरी म्हणाली.

जळगावच्या कॉलेजातली ही त्यांची संशोधक विद्यार्थिनी. सातपुड्याच्या उतारावर ती वेल तिलाच आधी दिसली, आणि शास्त्रात त्या वेलीला अजून नाव नव्हतं. अठराव्या शतकात स्वीडनमधल्या एका वैद्याने घालून दिलेली शिस्त अशी, की नाव दोन शब्दांचं असावं. पहिला शब्द गोताचा, दुसरा ज्याचा त्याचा. दुसरा शब्द अनवरीला सरांच्या नावावरून हवा होता. पण वेलीच्या गोतात 'पाटील' हे नाव कुणीतरी आधीच लावून ठेवलेलं, आणि एका गोतात तेच नाव दोनदा चालत नाही.

"मग तुमचं पहिलं नाव घेऊ. 'यू. पाटील'मधला यू म्हणजे काय, सर? उमेश?"

"डोंगराचं नाव दे," सर तुटकपणे म्हणाले आणि सायकल काढून घरी निघाले.

अख्खी नोकरी त्या 'यू'च्या आड बिनबोभाट गेली होती. आता हे लचांड! आता ते नाव छापून साऱ्या जगात जाणार. त्यांना चीड आली ती पोरीची नाही, नावाची. जेवतानाही त्यांचा गुडघा हलत राहिला.

"काय व्हयनं रे?" भिकुबाईंनी, त्यांच्या आईने विचारलं.

त्यांनी बिननावाच्या वेलीचं सांगितलं, आपल्या नावाचं गाळलं.

"कितल्याक शेतस तश्या येली?"

एकाच उतारावर, बोटांवर मोजण्याइतक्या, ते म्हणाले. शेळ्या खातात, लोक कंद उकरून नेतात. थोड्या वर्षांत एकही उरणार नाही.

भिकुबाईंचा घास हातातच राहिला.

"तुन्हा आगोदरना तीन पोरं गयात मन्हा हातातून. तू व्हयना तव्हय तुले उकिरडावर ठेवं, नाव बी तेनंच दिधं. मरणनी तुन्हाकडे ढुंकी नही देखं." त्यांनी घास तोंडात घातला. "त्या येलीले बी तसंच नाव दे ना."

सर ताटावरून उठले नाहीत. पण पुढे जेवलेही नाहीत.

सकाळी प्रयोगशाळेत शिरता शिरताच ते म्हणाले, "यू म्हणजे उखर्डू, उकिरड्यावरचा. तेच लाव."

अनवरी हसली नाही. तिने टाइपरायटरमध्ये कागद चढवला.

"सर, खाली कारण द्यावं लागतं. हेच नाव का ठेवलं, ते."

सर वेलीखालचा कागद बदलू लागले.

"लिही," ते म्हणाले, "जगावी म्हणून."