मर्टिलचा मोतीबिंदू आणि पाइनचं शिलिंग

"झुकली! झुकली! फांदी झुकली!"

हॅडलो गावच्या हिरवळीवर दीडशे माणसं टाचा उंचावून उभी होती. मधोमध काळ्या टोपीतला फिरता धर्मोपदेशक ब्रदर क्रल गुप्तधन शोधायची दुबेळकी फांदी दोन्ही मुठींत धरून असा थरथरत होता, जणू टोकाला मासाच लागलाय. मग तो धपकन गुडघ्यांवर बसला, माती उकरली आणि चांदीची एक चकती वर धरली. तिच्यावर पाइनचं झाड आणि मागे साल, १६५२.

"पूर्वजांनी पुरलेलं मॅसॅच्युसेट्सचं शिलिंग!" क्रल गरजला. "मातीतून वारसाला हाका मारतंय! उशाखाली ठेवा. संधिवात जाईल, मोतीबिंदू विरघळेल, जावई कामाला लागेल!"

जावयाचं नाव निघताच तीन बायका लगबगीने पुढे सरकल्या. क्रल दक्षिणा मागत नसे. टोपी तेवढी काढून उलटी ठेवी.

लोरिंडा थेयर मागे उभी राहून हे पाहत होती. पोस्टातून निवृत्त झाल्यावर तिला जुन्या नाण्यांचा नाद लागला होता, त्याला जेमतेम चार महिने झाले होते. संग्रहात एकच नाणं होतं, कनेटिकटचं तांब्याचं, आणि त्यावरचा चेहरा झिजून बटाट्यासारखा झालेला. पहिल्याच दिवशी तिने नाणेमंडळातल्या म्हाताऱ्या ब्लॉजेटकडे पाइनचं शिलिंग मागितलं होतं. तो खो खो हसला होता. "बाई, आधी पुस्तक, मग भिंग, मग तराजू. नाणं सगळ्यात शेवटी! नवशिक्यांना टोपी घालायला याच शिलिंगाच्या नकला बाजारात फिरतात."

हिरवळीवर फांदी झुकली त्याच संध्याकाळी थोरली बहीण मर्टिल नाचतच घरी आली. तिलाही शिलिंग मिळालं होतं.

"बुधवारचं डोळ्यांचं ऑपरेशन रद्द करून टाकलं! मला आत्ताच लख्ख दिसायला लागलंय."

"हो का? मघाशी दारातल्या कोटाच्या खुंटाळ्याला 'कसे आहात पाद्रीबाबा' कुणी विचारलं?"

"कुचकी मेली! तुझी श्रद्धाच नाही."

डॉक्टरांनी बजावलं होतं की आता उशीर केला तर अवघड होईल.  लोरिंडाने बहिणीच्या हातातून शिलिंग काढून घेतलं आणि तराजूवर ठेवलं. साडेचार ग्रॅमच्या वर भरायला हवं होतं. भरलं जेमतेम तीन.

"झिजलं असेल," मर्टिल म्हणाली.

"मग झाडही झिजायला नको? याची पानं तर कालच फुटल्यासारखी दिसतायत!"

भिंगातून झाडाच्या बुंध्याशी एक पोचा दिसला, तांदळाच्या दाण्याएवढा.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या दालनात शिंपल्यांच्या सूपची पंगत होती. क्रल मानाच्या खुर्चीत बसला होता. लोरिंडा उठली. 

"ज्यांना ज्यांना शिलिंग मिळालंय, त्यांनी जरा टेबलावर ठेवा. मी नवशिकी आहे, मला शिकायचंय."

तेरा शिलिंगं जमली. भिंग हातोहात फिरलं. कुजबुज सुरू झाली.

"माझ्याही बुंध्याशी पोचा आहे," बेकरीवाली म्हणाली.

"माझ्याही!"

"त्या काळी चकत्या हाताने कापायचे," लोरिंडा म्हणाली, "म्हणून एकीची कड दुसरीसारखी नसते. आणि पोचा पडतो तो नंतर, कुणाच्या तरी खिशात. तेरा नाण्यांना एकाच जागी, एकाच मापाचा पोचा? ही एका साच्यातली ओतीव भावंडं आहेत."

"अविश्वासी नजरेला सगळं खोटंच दिसतं!" क्रल कडाडला.

"असेल. मग बाही वर करून जमिनीतून एखादं काढून दाखवा."

"पूर्वजांनो, हिला क्षमा करा!" म्हणत क्रलने दोन्ही हात आकाशाकडे फेकले. बाहीतून काहीतरी उडालं आणि 'डुब्' करून समोरच बसलेल्या मर्टिलच्या वाडग्यात पडलं.

मर्टिलने चमच्याने ते बाहेर काढलं, डोळ्यांशी नेलं, बोटाने बुंधा चाचपला. पोचा होता.

"काय हो," ती सावकाश म्हणाली, "हे सूपमध्ये कुणाच्या पूर्वजांनी पुरलं?"

दालन हशाने हादरलं. क्रल मागच्या दाराने सटकला. त्याची फांदी खुर्चीपाशीच राहिली. लोरिंडाने ती मर्टिलच्या हातात दिली. "ताणून धर आणि मनगटं किंचित आत वळव." फांदी कॉफीच्या भांड्यावर सपकन झुकली.

"अगं, मी काहीच केलं नाही!"

"केलंस. तुला कळलं नाही एवढंच. त्याला कळत होतं."

मर्टिलने फांदी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "मला ना, ऑपरेशनची भीती वाटत होती गं."

"मग तसं सांगायचंस. मी आले असते सोबत."

सोमवारी मर्टिलने ऑपरेशनची वेळ पुन्हा मागून घेतली आणि बुधवारी दोघी दवाखान्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा मर्टिल बहिणीकडे टक लावून पाहत राहिली. "लोरिंडा, किती म्हातारी झालीस गं तू!"

लोरिंडाला हसावं की रडावं कळेना. नाणेमंडळाच्या पुढच्या सभेत बेकरीवालीसकट सहा नवे सभासद आले. त्यांना ती एवढंच म्हणाली, "चमत्कार दिसला की हात जोडायची घाई करू नका. आधी तो हातात घ्या, उलटा करून बघा, वजन करा. खरं असेल ते तराजूला घाबरत नाही."