चाळीस दिवसांची लिंबे

काष्टी गावातल्या त्या पत्र्याच्या खोलीत काळ वाहायचा थांबला आहे, असे धनश्रीला अलीकडे खरेच वाटू लागले होते.

खोलीत दोन क्रेट होते, प्रत्येकात दोनशे लिंबे. एका क्रेटातल्या लिंबांना तिने बाभळीच्या डिंकाचा आणि मेणाचा पातळ लेप दिला होता. दुसऱ्यातली झाडावरून आली तशीच, उघडी. उघडी पंधरवड्यात सडतील, लेपाची महिनाभर तग धरतील, या अंतरावर तिची तीन वर्षे उभी होती. विद्यापीठाचे नवोन्मेष केंद्र दरवर्षी एकच संशोधन निवडून उद्योजकांच्या हाती देई. अर्जाची मुदत आज संध्याकाळी संपत होती.

आणि उघडी लिंबे सडतच नव्हती. दर सोमवारी ती यायची, मोजायची. दोनशेची दोनशे, पिवळी, गोठलेल्या उन्हाच्या थेंबांसारखी. विद्यापीठातल्या खोलीत हीच लिंबे अठराव्या दिवशी काळी पडली होती. मग इथे काय होते? भिंतींत? हवेत? रात्री स्वप्नात तिला लिंबांनी भरलेली नदी दिसे, आणि तिच्या लेपाची कुणालाच गरज नसे.

आज, चाळिसाव्या दिवशी, पहिल्या एसटीने ती पोहोचली तेव्हा दार उघडेच होते. खोलीची राखण करणारी रंगुबाई उघड्या क्रेटाशी बसली होती. तिच्या ओच्यात ताजी लिंबे होती.

"मावशी, हे काय करताय?"

"निवडतेय. दुसरं काय करनार?" रंगुबाईने एक मऊ पडलेले लिंबू बाजूला टाकले. "एक सडकं राहिलं का सगळी पाटी घालवतं. बागेत चाळीस वर्सं ह्येच केलं मी."

"आणि ही ताजी?"

"मोजनीत कमी भरली तर तुमी माझ्यावर आळ घ्याल, म्हनून भर घालतेय. तुमच्या लेपाच्या लिंबांना बोट लावलं न्हाई हां! तुमीच म्हनला हुता, त्यांना हात लावायचा न्हाई. ह्यांचं काय बोलला न्हाई."

खरेच बोलली नव्हती. धनश्री उंबऱ्यावर बसली. तिला हसू येत होते. लेप खोटा नव्हता. पण तो खरा असल्याची साक्षच रोज सकाळी कुणीतरी मायेने बदलत होते.

"मावशी, ती सडायलाच ठेवली होती."

रंगुबाईने तिच्याकडे निरखून पाहिले. "डोळ्यांदेखत? शिकल्यावर अशी येडी हुत्यात व्हय मानसं?"

विद्यापीठातले जुने आकडे फोनमध्ये होते. ते इथे उतरवले असते तर कुणाला कळणार होते? अर्ज एका बोटाच्या अंतरावर होता. धनश्रीने बोट पडद्याकडे नेले, आणि तेवढ्यात रंगुबाईने क्रेट जमिनीवर उपडा केला.

"काय करताय!"

"जुनी कंची अन् नवी कंची, ते सांगते. कुरकुर करू नका."

तिने डोळे मिटले. अंगठा प्रत्येक लिंबाच्या देठाशी क्षणभर थांबे, आणि लिंबू डावीकडे किंवा उजवीकडे घरंगळे. पत्र्याच्या भोकांतून आलेली उन्हे तिच्या हातांवरून सरकत होती. लिंबांचा वास खोलीत पसरला, आणि थांबलेला काळ त्या बोटांखालून हळूहळू पुन्हा वाहू लागला.

डावीकडे एकोणतीस उरली. चाळीस दिवसांपूर्वीची, खरी. लेपाच्या क्रेटात धड राहिलेली एकशे त्रेसष्ट.

धनश्रीने आकडे भरले. 'पद्धत' या रकान्यात तिने लिहिले: उघड्या क्रेटातली सडकी फळे रोज काढून ताजी घातली गेली, मूळ फळे रंगुबाईंनी स्पर्शाने वेगळी काढली, यंत्राने पडताळणी झालेली नाही. एवढ्या ओळीवर समिती अर्ज बाद करू शकते, हे तिला ठाऊक होते.

"माझं नाव कशाला घालता, बाई? पुडच्या साली कोनी कामाला बोलावनार न्हाई."

"मीच बोलावीन. अर्ज बाद झाला तर पुन्हा चाळीस दिवस मांडावे लागतील."

"मंग सांगून ठेवते," रंगुबाई ओचा झटकत उठली, "सडकं बघवनार न्हाई मला. कुलूप घाला, अन् चावी तुमच्यापाशी ठिवा."

धनश्रीने अर्ज पाठवला.