अडतिसाव्या रांगेतली जाळी

विमानातल्या सगळ्या पोरी तिला मावशी म्हणायच्या. हवाईसुंदरी म्हणून सत्तावीस वर्षं हवेत काढलेली बाई! पण मागच्या केबिनमध्ये गारठा पडतो, असं तिने सहाव्यांदा लिहून दिलं तेव्हा ऑफिसातले तिचे साहेब गालातल्या गालात हसले. "मावशी, तुमचं वयच तसं आहे. कधी गरम वाटणार, कधी थंड. आता पुन्हा लिहिलंत तर डॉक्टरकडे पाठवीन." डॉक्टरकडे पाठवलेली बाई सहसा पुन्हा उडत नसे. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्याच लांबच्या उड्डाणात पॅनेलवर तापमानाचा आकडा चोवीस होता आणि अडतिसाव्या रांगेतले आजोबा दोन ब्लँकेटं गुंडाळून कुडकुडत होते. आता मावशी हट्टालाच पेटली. केबिनच्या भिंतीत एक बारीक जाळी असते. तिच्यामागचा पंखा हवा आत ओढतो, मापक ती मोजतो, आणि तेवढ्यावरून यंत्र ठरवतं, गार सोडायचं की गरम. मावशीने टिशू पेपर विसाव्या रांगेतल्या जाळीला लावला. चिकटून बसला. अडतिसाव्या रांगेत लावला, तर पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. म्हणजे इथली जाळी हवा ओढतच नव्हती; आत कोंडलेल्या उबेलाच मापक केबिन समजत होता, आणि यंत्र बिचारं इमानेइतबारे गार हवा सोडत होतं.

तिने सातव्यांदा लिहिलं. विमान उतरल्यावर मेकॅनिक आला, चाचणी घेतली आणि 'दोष नाही' लिहायला पेन काढलं.

"भाऊ, आधी हा कागद तिथे धरा."

"मावशी, पुढचं उड्डाण खोळंबेल हो. यंत्र ठीक म्हणतंय."

"दोन महिने ठीकच म्हणतंय मेलं. धरा!"

कागद पडला. मेकॅनिकने मान खाजवली आणि जाळीचे चार स्क्रू काढले. जाळीमागे ब्लँकेटांच्या तंतूंचा तळहाताएवढा निळा बोळा घट्ट बसला होता. तो काढल्याबरोबर कागद जाळीला चिकटला. मावशीचे डोळे भरून आले. बोळा तिने रुमालात बांधून घेतला.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर डॉक्टरकडचा फॉर्म तयारच होता, तिच्या नावासकट. मावशीने त्यावर रुमाल सोडला.

"साहेब, हे माझं वय. काल चार स्क्रू काढले आणि निघालं."

साहेबांनी घाईघाईने फॉर्म ओढला. मावशीने त्यावर हात ठेवला.

"फाडू नका. दोष कुठे सापडला, ते आधी लिहा त्याच्यावर."