परातीत कालवलेलं, उन्हात मेलेलं

मित्रांनो, माझ्या कडांचे पोचे बघून नाक मुरडू नका. मी जर्मनची जुनी परात आहे. जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची. जुनी माणसं तसंच म्हणतात. गेली तीन वर्षं मी कोलंबीचं खाद्य कालवते आहे, आणि खरं सांगते, माणसांपुढे हात टेकले आहेत!

कारखान्यात पत्र्याच्या चकतीला यंत्राने दाबलं आणि मी जन्मले. माणिकपूरच्या बाजारातून आशालताबाईंनी मला घासाघीस करून खाडीकाठच्या घरी आणलं. पुढे कितीतरी वर्षं मी तांदळाच्या भाकरीचं पीठ मळून घेतलं. लग्नकार्य असलं की शेजारणी म्हणायच्या, "आशालताकाकूंचीच परात आना, हात मोकळा फिरतो तिच्यात." तेव्हा खाजणात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत, भात पिकायचा. भात निघाला की भरतीच्या पाण्याबरोबर कोलंबी आत यायची, आपलं आपण खायची, वाढायची. तिला कुणी भरवत नसे.

आशालताबाई गेल्या. त्यांच्या मुलाने, रामनाथने, बांध उंच केला, तळं केलं, विकतची पिल्लं सोडली. घरात स्टीलची परात आली आणि मी तळ्यावर गेले. तिथे मला नवं काम मिळालं. गोळीखाद्याला पूरक पावडर चोळायची. त्या पावडरीत पचनाला मदत करणारे जिवंत जिवाणू आणि क जीवनसत्त्व असतं. वरून माशाच्या तेलाचा हात फिरवायचा, म्हणजे पावडर पाण्यात धुऊन जात नाही. मग ते वाळवून तळ्यात फेकायचं. त्याने कोलंबी नीट वाढावी, रोगाशी झुंजायला तिच्या अंगात थोडी ताकद यावी, एवढाच हेतू.

पण माणसं धड करतील तर ना! कालवायचं काम रामनाथच्या बायकोकडे, हंसाकडे. ती जन्माची खाडीकाठची. बोंबील उन्हात, करंदी उन्हात, पापड उन्हात. तिने हे खाद्यही सरळ भर दुपारच्या उन्हात नेऊन ठेवलं. माझा पत्रा असा तापायचा की कडेवर बसलेला कावळा टुणकन उडायचा. माझ्या पोटातले ते बारके जीव माझ्या देखत मरायचे. पाकिटावर ठसठशीत लिहिलेलं होतं, 'सावलीत वाळवा.' पण वाचतो कोण? पावडर काढून घेतली की त्या पाकिटात सुकी मिरची भरायची!

कोलंबी वाढेना, तसा रामनाथ म्हणायचा, "अजून घाल गं. औषधच हाय ते, वाया नाय जायाचं." दुप्पट घातलं. मेलेलं दुप्पट घालून काय होणार, सांगा बरं?

मागच्या वर्षी कोलंबीच्या कवचांवर पांढरे ठिपके आले आणि आठवड्यात तळं रिकामं झालं. तो रोग पावडरीने थांबला असता असं मी म्हणणार नाही. पण बिचाऱ्या कोलंबीला झुंजायची संधी तरी मिळायला हवी होती. यंदा पिल्लं सोडताना रामनाथने स्पष्ट सांगितलं, "या टायमाला नीट नाय झाली, तर तळ्यात भराव घालायचा. बांधकामवाला कधीपासून जागा मागतोय." हंसा बांधाची ढासळलेली माती थापत राहिली. त्या बांधाला तिच्या सासूचे हात लागले होते, तिचेही.

दीड महिना झाला तरी कोलंबी बोटाच्या दोन पेरांएवढीच. जाळीच्या ताटलीत चार उचलून बघितल्या, तर कवच मऊ, आतडं अर्धं रिकामं.

"परातीचाच दोष हाय," रामनाथ चिडून म्हणाला. "जुना पत्रा. दे उद्या भंगारवाल्याला."

माझा! दोष माझा!

तो रविवार होता. त्यांची सून संजना मनवेलपाड्याहून आली होती. तिने सहज पाकीट उचललं आणि वाचलं.

"आई, हे उन्हात का ठेवलंय?"

"मग कुठं ठेवू? फ्रीजमधी?"

"यात जिवंत जिवाणू असतात. सावलीत वाळवा, असं लिहिलंय."

"तू मला सुकवायला शिकवनार? तुझं लगीन ठरायच्या आधीपासून सुकवतेय मी."

संजना हसली. "बरं, मग दह्याचं विरजण उकळत्या दुधात का नाही घालत तुम्ही?"

"मरेल की ते!" हंसा म्हणाली, आणि एकदम थांबली. माझ्या तापलेल्या कडेला बोट लावून तिने ते चटकन मागे घेतलं. "अगो बाय... म्हंजे रोज मीच मारत होते त्यांना?"

त्याच क्षणी तिने मला पदराने धरून उचललं आणि नारळाच्या झापांच्या मांडवाखाली, वाऱ्याला ठेवलं. दुसऱ्या दिवशी रामनाथने सवयीने जास्त पावडर ओतायला हात पुढे केला, तर ती कडाडली, "अहो, वाटीभर दुधाला वाटीभर विरजण घालता काय? चमचा घ्या!" जास्तीचं खाद्य टाकून पाणी गढूळ करणंही तिने बंद केलं.

तीन आठवड्यांनी रामनाथने एक कोलंबी उजेडात धरली. पाठीतून काळी, सलग रेघ गेली होती. आतडं गच्च भरलेलं. कवच टणक. मग त्याने ती हलकेच परत पाण्यात सोडली.

यंदाचं पीक फार मोठं नाही आलं. पण कोलंबी जगली, वाढली, जाळ्यात उड्या मारत निघाली. त्याच दिवशी बांधकामवाला बांधावर येऊन उभा राहिला. रामनाथने चिखलाचे हात धुतले नाहीत की त्याला बसा म्हटलं नाही. "भराव नाय घालायचा," एवढंच म्हणाला आणि परत पाण्यात उतरला.

मित्रांनो, तीन वर्षं ती अक्षरं माझ्यासमोर होती. मला वाचता येत होतं, पण बोलता येत नव्हतं. तुम्हाला दोन्ही येतं. जिवंत गोष्ट हाताळण्याआधी तिच्यासोबत काय लिहून आलंय ते वाचा, आणि घरातलं थोरलं माणूस चुकत असेल, तर न घाबरता त्याला वाचून दाखवा.