पूर्ण झालेली कामं

"साहेब, हे लोखंडी टेकू बाजूला करता येतील का? कुठूनही घेतलं तरी फ्रेममध्ये येतात," फोटोग्राफर प्रितेश कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाला.

बुद्धभूषण दारातच थबकला होता. समाजमंदिराच्या हॉलच्या मधोमध टेकूंची रांग उभी होती. कुणीतरी हौसेने त्यांना निळ्या पताका गुंडाळल्या होत्या. वरच्या बीमला पोटाशी तडा गेला होता आणि तडा भरायला लावलेलं पांढरं सिमेंटही पुन्हा फाटलं होतं. बीम खाली वाकलेला होता. ते पाहायला त्याच्यासारखं इंजिनिअर असण्याचीही गरज नव्हती.

त्याच्याखाली सतरंजीवर शेवंताबाई आणि चार-पाच बायका कापडाचे तागे पसरून, कात्रीने सुटे धागे कापत बसल्या होत्या. राहनाळच्या वस्तीत दुपारी उन्हापासून सुटका देणारी एवढीच मोठी जागा होती.

सकाळ मजेत गेली होती. ऑफिसची नवी पुस्तिका छापायची होती, पूर्ण झालेल्या कामांची. दापोड्यातली गोदामं एकामागून एक फोटोत उतरत होती. लांबच लांब, स्वच्छ, सरळ. प्रत्येक गेटवर "आइये साहब" होत होतं. शेवटच्या पानासाठी मात्र ऑफिसचे प्रमुख हरेश सर यांना राहनाळचं समाजमंदिर हवं होतं. "नुसती गोदामं नकोत रे. आपण समाजासाठी काही केलं तेही दिसू दे. आणि तुझ्याच वस्तीतलं काम आहे, तूच जा."

त्याच्याच वस्तीतलं. डिझाइनही त्याचंच. ऑफिसने फी घेतली नव्हती, आणि आपल्या माणसांसाठी आपण काही केलं या भरात बुद्धभूषणने ते एका बैठकीत उरकलं होतं. गोदामाचं ड्रॉइंग ऑफिसात तीन टेबलांवरून फिरून, खाडाखोड होऊन मग साइटवर जाई. हे त्याच्या टेबलावरून थेट राहनाळला आलं. मधे खांब नको, लग्नात अडचण होते, असं वस्ती म्हणाली आणि त्याने खांब काढला. त्यामुळे बीम किती जाड करायचा ते पुन्हा तपासून घ्यायला कुणाला सांगितलं नाही. पुढे तो कल्याणला फ्लॅटवर राहायला गेला. जयंतीला यायचा, तेही बाहेर मंडपापर्यंत.

"जय भीम, भूषण!" दत्तूकाका आतून लगबगीने आले. जन्मभर पॉवरलूमच्या खडखडाटात उभं राहून त्यांना कमी ऐकू येई, म्हणून ते मोठ्याने बोलत. या हॉलसाठी पंचायतीत खेटे घालणारे तेच. "फोटो काढायला आलास व्हय? बस, बस. पानी आना रं कुनी."

"काका, हे कधी झालं?"

"हे व्हय? गेल्या पावसाळ्यात जरा रेघ दिसली. मंग वाढली. आपला लडकू सेंट्रिंगच्या कामाला जातो ना, त्यानं टेकू आनलं. आता काय न्हाय. घट्ट हाय."

"मला फोन का नाही केला?"

दत्तूकाकांना ऐकू आलं नाही, की त्यांनी ऐकलं नाही, कळेना. उत्तर शेवंताबाईंनी दिलं, कात्री न थांबवता. "कशाला करायचा? तुज्या हापिसात कळलं असतं. घरच्यांनीच तक्रार केली म्हनले असते. तुज्या नोकरीवर आलं असतं, बाबा."

"कोनी इचारलं तर आमी सांगतो, पताका बांधायला लावल्यात खांब," दुसरी म्हणाली आणि बायका हसल्या.

बुद्धभूषणने वर बीमकडे पाहिलं. ही माणसं वर्षभर त्या बीमखाली बसली होती, आणि त्याचं नाव खराब होऊ नये म्हणून गप्प राहिली होती.

"फोटोपुरतं काढू की टेकू," दत्तूकाका प्रितेशला म्हणाले. "त्यात काय! लडकूला हाक मारतो. आपल्या पोराच्या पुस्तकात फोटो यायचा तर नीट यायला पायजे."

"नको!"

तो इतका मोठ्याने ओरडला की कात्र्या थांबल्या.

"कुणी हात लावू नका. सगळ्यांनी आधी बाहेर या. आत्ता. हे पडू शकतं."

त्या शेवटच्या तीन शब्दांनी बायका उठल्या. तागे गोळा झाले, सतरंजी गुंडाळली गेली. शेवंताबाईंनी बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर स्वतः उतरवली, पदराने पुसली आणि शेजारच्या घरात नेऊन ठेवली. बुद्धभूषण मदतीला पुढे झाला, पण त्याच्या हातात द्यावं असं काही कुणाकडे उरलं नव्हतं.

बाहेर येऊन त्याने सरांना फोन लावला. बीमचं सांगितलं.

"बंद ठेवायला सांग," सर म्हणाले. "दुरुस्ती आपण करून देऊ, माझा शब्द. पण पावसाळ्याआधी माणसं मोकळी नाहीत."

"आणि फोटो, सर?"

"बाहेरून घ्या. बाहेरून छान दिसतं ते."

प्रितेशने ऐकलं होतंच. तो रस्ता ओलांडून गेला, गुडघ्यावर बसला आणि निळ्या आकाशासकट समाजमंदिराचा फोटो घेतला. नको घेऊस, एवढंच म्हणायचं होतं. बुद्धभूषण म्हणाला नाही.

मग दत्तूकाकांची सून वनिता जवळ आली. "भाऊजी, रविवारी आमच्या रुचिकाचा साखरपुडा हाय हितं. रविवारपुरतं चालंल ना?"

त्याने मान हलवली. नाही.

"पाव्हन्यांना सांगून झालंय."

"वहिनी, नाही चालणार."

वनिताने सासऱ्यांकडे पाहिलं. हॉल नव्हता तेव्हा वस्तीत कार्य निघालं की कुणाच्या तरी मोकळ्या आवारासाठी हात जोडावे लागत. कधी हो म्हणत, कधी आदल्या दिवशी नाही म्हणत. ते जोडलेले हात सुटावेत म्हणून तर दत्तूकाकांनी खेटे घातले होते.

"काय न्हाय होत," ते म्हणाले. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली, केसांवरून पाण्याचा हात फिरवला. "रस्त्यापलीकडं गोदाम हाय. मालकाला इचारतो. रविवारी गाड्या नसतात त्यांच्या."

"मी येतो, काका."

"तू नको. तिथं तुला साहेब म्हनून वळखतात. माज्यासंगं कशाला उभा ऱ्हातोस?"

ते निघालेही. बुद्धभूषण थोडा वेळ तिथेच राहिला. मग तो मागोमाग गेला.

त्या गोदामाचं कामही त्याच्याच ऑफिसचं. गेटवरच्या वॉचमनने दत्तूकाकांना हाताने बाजूला व्हायची खूण केली होती, एक कंटेनर आत जात होता. बुद्धभूषण दिसताच तो उठून उभा राहिला. "आइये साहब, अंदर बैठिए. सेठ खाना खा रहे हैं. और चाचा, तुम थोड़ा उधर रुको."

"काम इनका है," बुद्धभूषण म्हणाला. "मेरे चाचा हैं. मैं इनके साथ आया हूँ."

वॉचमनने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. केबिनमधून एक प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि बुद्धभूषणसमोर ठेवली. बुद्धभूषणने ती दत्तूकाकांकडे सरकवली.

"तू बस," काका म्हणाले. "दमलास तू."

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. बुद्धभूषणला त्यांच्याकडे बघवेना. समोरच्या गोदामाचे बीम उन्हात सरळ रेषेत गेले होते, थेट शेवटच्या भिंतीपर्यंत, कुठे बोटभरही न वाकता.

शेठचं जेवण आटपेपर्यंत दोघेही उभे राहिले. खुर्ची दोघांच्या मधे तशीच रिकामी होती.